राइज अगेन्स्ट हा बँड आवडतो, पण जुना मेलोडिक हार्डकोअर (पंक रॉकचा वेगवान, कडक, पण चाल सांभाळणारा प्रकार) लावला की नुसता गोंगाट वाटतो. कुठल्या पहिल्या अल्बमपासून सुरुवात करावी आणि तो ऐकावा कसा?

डिसेंडेंट्स या कॅलिफोर्नियातल्या पंक बँडचा ‘मायलो गोज टू कॉलेज’ लावा. 1982 सालचा, बँडचा पहिला अल्बम. 15 गाणी आणि सगळी मिळून जेमतेम 22 मिनिटं, म्हणजे आवडला नाही तरी फार काही गेलं असं होणार नाही.

‘गोंगाट वाटतो’ असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आधी एक विचारतो: ऐकताय कशावर? फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर दोष तुमच्या कानांचा नाही आणि बँडचाही नाही. बेस गिटारची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते. फोनचा एवढासा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही, त्यामुळे मिक्समधला बेस जवळजवळ गायब होतो. उरतात करकरणारी गिटार, झांजा आणि ओरडणारा माणूस. बऱ्याच बँडच्या बाबतीत तेवढ्यावर भागून जातं, पण या अल्बमची अर्धी चाल बेसमध्ये आहे. हेडफोन लावा, ते वायरवाले साधे असले तरी चालतील, आणि पहिल्या फेरीत फक्त बेसच्या मागे जा. शब्दांकडे लक्ष देऊ नका, गिटारकडेही नको.

पहिलंच गाणं ‘मायेज’ घ्या. सुरुवात बेसनेच होते. हार्डकोअरमधला बेस बहुतेकदा गिटारच्या कॉर्डचा खालचा सूर धरून ठोकत बसतो. इथे तो एकेक सूर घेत वर चढतो, खाली येतो, स्वतंत्र चाल बांधतो. मग ड्रम आणि गिटार येऊन धडकतात, पण बेस आपली चाल सोडत नाही. गायक मायलोचा आवाज वर, बेस खाली, दोघांच्या दोन वेगळ्या चाली, आणि मधे गिटार नुसती भिंत उभी करून देते. हे एकदा कानाला सापडलं की पुढची 14 गाणी आपोआप उलगडतात. नाही सापडलं तर पुढे जाऊ नका, हेच दोन मिनिटांचं गाणं परत लावा.

हा बेस वाजवणारा टोनी लोम्बार्डो तेव्हा 36-37 वर्षांचा होता. गायक मायलो ऑकरमन 19 चा, ड्रमर बिल स्टीव्हन्सन तर 18 चा. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच-हर्मोसा बीच भागातली ही पोरं, आणि त्यांच्यात जवळजवळ दुप्पट वयाचा हा गडी. 1979 साली त्यांची पहिली सिंगल (एक-दोन गाण्यांची रेकॉर्ड) निघाली तेव्हा मायलो बँडमध्ये नव्हता आणि गाणी सर्फ संगीत आणि पॉपच्या अंगाने जाणारी होती. मायलो आल्यावर वेग वाढला, 1981 च्या ‘फॅट’ या ईपीत (अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डमध्ये) तर सगळा धुमाकूळच आहे. पहिल्या अल्बमपर्यंत दोन्ही गोष्टी एकत्र नांदायला लागल्या होत्या. म्हणून मला पटत नाही जेव्हा लोक म्हणतात की मेलोडिक हार्डकोअर म्हणजे हार्डकोअरवर वरून सूर शिंपडलेले. या बँडपुरतं तरी उलटं आहे. चाल आधीची, वेग नंतर आला.

तुमच्या राइज अगेन्स्टचा धागाही इथेच येऊन मिळतो. त्यांचे ‘द सफरर अँड द विटनेस’, ‘अपील टू रीझन’ आणि ‘एंडगेम’ हे अल्बम ज्याने जेसन लिव्हरमोरबरोबर प्रोड्यूस केले, कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या ब्लास्टिंग रूम स्टुडिओत, तो हाच बिल स्टीव्हन्सन. आता तुम्हाला घासून-पुसून लखलखीत केलेला आवाज ऐकायची सवय झालेली आहे, आणि ‘मायलो’ तसा नाही. रेडोंडो बीचच्या टोटल ॲक्सेस स्टुडिओत स्पॉट नावाच्या ध्वनिमुद्रकाने तो रेकॉर्ड केला, जो ब्लॅक फ्लॅग आणि मिनिटमेन या पंक बँडचंही काम करत असे. एका खोलीत चौघं उभे राहून वाजवताहेत आणि आपण दारात उभे आहोत, असा तो आवाज आहे. कोरडा, जवळचा. मला तोच आवडतो, पण पहिल्या ऐकण्यात थोडा खरखरीत वाटेल, त्याची तयारी ठेवा.

‘आय वॉना बी अ बेअर’ 40 सेकंदांत संपतं, विनोद आहे, हसा आणि पुढे चला. ‘आयम नॉट अ लूझर’बद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो. भाव खाणाऱ्या पोरांवरचा राग आहे, तो समजतो, पण त्यात समलैंगिकांना दिलेल्या शिव्या आहेत आणि त्या आज कानाला टोचतात. ‘तेव्हाचा काळच तसा होता’ म्हणून मी त्यावर पांघरूण घालणार नाही. मुलींबद्दलची दोन-चार वाक्यंही अशीच आहेत, 18-19 वर्षांच्या रुसलेल्या पोरांनी लिहिलेली. गाणी चांगली आहेत आणि ही घाणही त्यांच्यातच आहे. तुम्हाला ते गाणं वगळून ऐकायचं असेल तर खुशाल वगळा.

‘पेरेंट्स’, ‘टोनीएज’, ‘एम सिक्स्टीन’ ही एका दमात जातात. या टप्प्यावर बेस सोडून ड्रमकडे वळा. स्टीव्हन्सन नुसता जोरात वाजवत नाही, ओळ संपते तिथे तो छोटासा तुकडा टाकून पुढच्या ओळीला ढकलतो. वेग इतका असूनही गाणं कुठे घसरत नाही ते त्यामुळे. ‘कॅटालिना’ला जरा मोकळी हवा लागते. लॉस एंजेलिसच्या समोरच्या समुद्रात त्या नावाचं बेट आहे, आणि या मंडळींना मासेमारीचं वेड होतं. गिटार वाजवणारा फ्रँक नवेट्टा तर पुढे गिटार सोडून ऑरेगनला मासेमारी करायला निघून गेला. 2008 मध्ये तो वारला. त्याची गिटार ऐकताना एवढं बघा, तो सोलो जवळजवळ घेतच नाही. त्याला फुशारकीत रस नाही.

मग येतं ‘सबर्बन होम’, आणि माझ्या मते अल्बमचा सगळा स्वभाव या एका गाण्यात आहे. मला चारचौघांसारखं व्हायचंय, मला उपनगरात घर हवंय, असं गायक ओरडून सांगतो. पंक म्हटलं की प्रस्थापितांविरुद्ध बंड, मग हे काय? बहुतेक जण याला टोमणा समजतात, तुम्हीही समजाल. पण गाणं लिहिलं लोम्बार्डोने, आणि त्याने ते मनापासूनच लिहिलं होतं. चाळिशीकडे निघालेल्या माणसाला स्वतःचं घर हवंसं वाटलं, त्यात उपरोध कशाला? 18 वर्षांची पोरं तेच गाणं टोमण्यासारखं वाजवतात, तो मनापासून वाजवतो, आणि दोन्ही एकाच वेळी ऐकू येतं. ‘आयम नॉट अ पंक’सुद्धा त्याचंच. पंकच्या गर्दीत उभं राहून ‘मी तुमच्यातला नाही’ म्हणणं हे त्या वेळच्या लॉस एंजेलिसमध्ये कातडी जॅकेट घालण्यापेक्षा जास्त धाडसाचं होतं.

‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’, ‘काबुकी गर्ल’, ‘मॅरेज’ ठीक आहेत, मधली भरती म्हणा. खरी मजा शेवटच्या तिनात आहे. ‘होप’ मायलोने स्वतः लिहिलंय: ती दुसऱ्याबरोबर आहे, हा वाट बघत बसलाय. राग आणि आशा इतक्या लगटून येतात की कुठली कुठे संपते कळत नाही. इथे त्याच्या गळ्याकडे लक्ष द्या. तो किंचाळतो, पण सूर सोडत नाही, आणि शब्दही गिळत नाही. पुढे हजारो पोरांनी ही गायकी उचलली. सब्लाइम या बँडने 1992 मध्ये हे गाणं पुन्हा गायलं, ब्लिंक-182 या बँडचा मार्क हॉपस डिसेंडेंट्सचं ऋण उघड मान्य करतो. ‘बाइकेज’ स्टीव्हन्सनचं. वाया चाललेल्या एका मुलीला उद्देशून आहे, काळजी आणि उपदेश दोन्ही आहेत, पण मुखडा असा उघडतो की रॉक न ऐकणाऱ्यालाही गुणगुणता यावा. ‘मेलोडिक’ म्हणजे काय ते मी कुणाला समजवायला बसलो तर हेच लावतो. ‘जीन इज डेड’ने अल्बम संपतो, जरा अंधारात नेऊन.

नावाचं सांगायचं राहिलं. ते अगदी शब्दशः खरं आहे. मायलो जीवशास्त्र शिकायला सॅन डिएगोला निघाला होता, म्हणून बाकीच्यांनी अल्बमला तेच नाव दिलं आणि मागच्या कव्हरवर तो त्यालाच अर्पण केला. पुढच्या कव्हरवर चौकोनी चष्मा आणि टाय लावलेलं त्याचं व्यंगचित्र आहे, ज्याचं मूळ शाळेत त्याला चिडवायला काढलेल्या चित्रांत आहे. पुढे त्याने खरोखर पीएचडी केली, कित्येक वर्षं संशोधक म्हणून नोकरी केली आणि अधूनमधून येऊन गात राहिला. रॉक बँडमधला मुलगा अभ्यासासाठी बँड सोडतो, ही गोष्ट आपल्याकडचे आईबाप शेजाऱ्यांना कौतुकाने सांगतील. स्टीव्हन्सन तोवर ब्लॅक फ्लॅगमध्ये ड्रम वाजवायला गेला.

हा अल्बम पचला तर पुढे दोन वाटा आहेत. चाल आधीची हे माझं म्हणणं तपासून बघायचं असेल तर याच बँडचा 2021 चा ‘नाइन्थ अँड वॉलनट’ ऐका. गाणी 1977 ते 1980 मधली, वाद्यं याच जुन्या तिघांनी 2002 मध्ये वाजवलेली (नवेट्टा तेव्हा हयात होता), आणि मायलोचा आवाज 2020 मध्ये चढवलेला. राइज अगेन्स्टच्या गांभीर्याकडे परत जायचं असेल तर वॉशिंग्टन डीसीच्या डॅग नॅस्टी या बँडचा पहिला अल्बम ‘कॅन आय से’ ऐका, 1986 चा, मायनर थ्रेट या हार्डकोअर बँडमधून आलेल्या ब्रायन बेकरच्या गिटारसाठी. तिथे मात्र बेसच्या मागे धावू नका, चाल गिटारमध्ये आहे.