पगार वाढवून मागू कसा?

प्रश्न : हिंजवडीत दीड वर्ष टेस्टिंगला आहे. पॅकेज ४.२ लाख. मागून आलेल्या फ्रेशरला ५ मिळाले. मॅनेजरपुढे जीभ रेटत नाही. काय करू?
– एक वाचक, वाकड

उत्तर : अरे, मीही पहिल्या नोकरीत तीन वर्षं गप्प होते. घरमालक मात्र दरवर्षी भाडं वाढवायचा.

त्या फ्रेशरचा विषय काढू नकोस, बोलण्याला फाटे फुटतील. वाढ एप्रिलमध्ये होत असेल तर जानेवारीतच वेळ माग; मार्चपर्यंत वाढीचे आकडे बहुधा वरिष्ठांकडे गेलेले असतात. कुठल्या टेस्ट ऑटोमेट केल्यास, दोन दिवसांचं काम किती तासांवर आलं, ते एका कागदावर ने. आकडा तूच सांग. आणि वाढ हातात किती येणार, हे विचारच. नुसतं व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला पगाराचा भाग, फुगवलेल्या वाढीचे पेढे मी वाटलेत!