३६० अंशांचे व्हिडिओ दाखवून नर्सिंगच्या मुलींचं मन घट्ट होतं का?

तुमच्या कॉलेजात डोळ्यांवर व्हीआर हेडसेट लावून वॉर्डातल्या मृत्यूचे व्हिडिओ दाखवणार आहेत, त्याने मुली खंबीर होतील का, असं तुम्ही विचारलंय. होतील, पण हेडसेट उतरवल्यावर कोणी जवळ बसून बोललं तरच. नाहीतर तो निव्वळ छळ आहे.

मी गोव्यातल्या डिचोलीची, सतरा वर्षं नर्स आहे. शिकत असताना दुसऱ्या वर्षाला फीमेल मेडिसिनला, म्हणजे बायकांच्या वॉर्डात, पोस्टिंग होतं. पाच नंबरच्या खाटेवर सत्तरीतली एक आजी होती. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्यायला गेले की रोज विचारायची, "बाय, जेवलीस गो?" एका सकाळी ड्यूटीवर गेले तर खाटेभोवती पडदा, आत सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि श्वास देऊन वाचवायचा प्रयत्न, चाललेला. तिचा म्हातारा पेजेचा डबा घेऊन दाराशी उभा. थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "बॉडी पॅक कर." जबडा बांधला. पायाचे अंगठे बांधायला घेतले तर पाय अजून कोमट होते. बँडेजची गाठ तीनदा सुटली आणि मला रडू फुटलं. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रडायचं असेल तर घरी बस. सात नंबरचं ड्रेसिंग राहिलंय."

पुढे कित्येक महिने मी त्या खाटेला वळसा घालून जायचे. कोणी काही विचारलं नाही.

कॉलेजच्या स्किल लॅबमधल्या, म्हणजे सरावाच्या खोलीतल्या, पुतळ्यावर सीपीआरचे तीस दाब, दोन श्वास, मिनिटाला १०० ते १२० हे सगळं शिकता येतं. पण पुतळ्याचा नवरा दाराशी उभा नसतो. ३६० अंशांच्या व्हिडिओत मान वळवली की तो दिसतो, हाच त्याचा खरा उपयोग. नर्सिंगच्या २०२१च्या नव्या अभ्यासक्रमात सिम्युलेशन, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून सराव, आलंय, चांगलंच झालं. पण पाच मिनिटांच्या व्हिडिओनंतर अर्धा तास बोलायला ठेवा. ट्यूटरने आधी स्वतः पाहिलेला पहिला मृत्यू सांगावा, मग मुली बोलतात. आणि कोणी रडली तर रडू द्या. मी रडले होते, पण गाठ मारूनच तिथून हलले, हे त्या मॅडमनी कधी पाहिलंच नाही.

आता माझ्या वॉर्डात कुणा विद्यार्थिनीसमोर पहिला मृत्यू झाला की मी तिला पॅन्ट्रीत बसवून चहा देते. तिचं राहिलेलं ड्रेसिंग मी करते.

एक राहिलंच. व्हिडिओ खुर्चीवर बसवूनच दाखवा, काहींना गरगरतं. आणि जिच्या घरात नुकतंच कोणी गेलंय, तिच्यावर सक्ती करू नका.