साक्षगंधाची अंगठी आणि विमा

प्रश्न : मुलाच्या साक्षगंधात सुनेला ४ ग्रॅमची खड्याची अंगठी घातली. घराचा विमा आहे, त्यात ती येते का? सून कापूस वेचायलाही जाते. – एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : बहुधा नाही. ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित पॉलिसी असेल तर दागिन्यांसाठी वेगळं कव्हर जोडावं लागतं, किंमत आधी ठरवून. मूळ पॉलिसीत चोरीही आग-पुरासारख्या घटनेमुळे आणि तिच्यानंतर ७ दिवसांत झाली तरच धरतात. साधी घरफोडी नाही.

अंगठी रोज बोटात राहणार, म्हणून ‘ऑल रिस्क’ (अपवाद सोडून चोरी, अपघात अशा सगळ्या कारणांना लागू होणारं) कव्हर मागा आणि ते घराबाहेर, वावरातही लागू आहे ना, हे लेखी घ्या. तरी खरी मेख अपवादांत असते. वेचता वेचता अंगठी बोटातून निसटली, संध्याकाळी गाठोडं सोडताना लक्षात आलं, कुठे पडली ठाऊक नाही : असं ‘गूढरीत्या गायब’ होणं अनेक पॉलिसी नाकारतात. कोंदण झिजून खडा पडला तर ती झीज, अपघात नव्हे. वेचणीला जाताना अंगठी काढून ठेवलेली बरी, विमा असो वा नसो.

पक्कं बिल हवंच. कच्च्या चिठ्ठीवर दावा अडतो. बिलात सोन्याचं वजन, खड्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. अंगठीच्या आतला ६ अक्षर-अंकांचा एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासून फोटो काढा. चोरी झाल्यास लगेच पोलीस ठाण्यात एफआयआर, आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा.