वाचक विचारतात : स्पॅनिशच्या वहीत मराठी चालेल का?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, दहावीपर्यंत मराठी मीडियम. यावर्षी युनिव्हर्सिटीत स्पॅनिशच्या बिगिनर क्लासला अॅडमिशन घेतली. क्लासमधे सगळं इंग्लिशमधून समजावतात, बाकीची मुलं पटापट उत्तरं देतात आणि मी आधी इंग्लिश वाक्य मनात जुळवते, मग त्याचं स्पॅनिश करते, तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. परवा 'मे गुस्ता' शिकवलं, 'आय लाइक'मधला 'आय' कुठे गेला तेच कळलं नाही. माझं इंग्लिश कच्चं म्हणून हे होतंय का? सोडून देऊ का?

उत्तर : अगं, सोडू बिडू नकोस. आणि इंग्लिश कच्चं असल्यामुळे हे होत नाहीये, तू उगाच इंग्लिशवरून वळसा घालून जातेयस म्हणून होतंय. मी शिकायला लागले तेव्हा आमच्याही क्लासमधे फळ्यावर 'मे गुस्ता एल ते' लिहून खाली 'टी इज प्लीजिंग टू मी' असं लिहिलं होतं, सगळा वर्ग गोंधळला, वीस मिनिटं त्यात गेली. मी वहीत पेन्सिलीने बाजूला लिहिलं, 'मला चहा आवडतो'. बस. मे म्हणजे मला, गुस्ता म्हणजे आवडतो. ते पान अजून माझ्याकडे आहे.

आता चहाच्या जागी आंबे घाल. मला आंबे आवडतात. 'आवडतो'चं 'आवडतात' झालं ना, कारण क्रियापद आंब्यांच्या मागे गेलं, माझ्या मागे नाही. स्पॅनिशमधे पण तेच, 'मे गुस्तान लोस मांगोस', गुस्ताचं गुस्तान झालं. इंग्लिशवाल्यांना हे महिनाभर घोटावं लागतं आणि तू हे बोलायला लागल्यापासून करतेयस. दुखण्याचंही तसंच, 'मे दुएले ला काबेसा' म्हणजे डोकं दुखतंय, पाय दुखायला लागले की दुएलेचं दुएलेन होतं.

पुढे भूतकाळ येईल तेव्हा वर्गात परत गोंधळ होणार, कारण तिथे साधे भूतकाळ दोन आहेत. 'इबा' आणि 'फुई', इंग्लिशमधे दोन्हीला बऱ्याचदा 'वेंट'च म्हणून मोकळे होतात. तू मात्र असं बघ, लहानपणी आम्ही जुहूला जायचो आणि काल मी जुहूला गेले, जायचो तिथे इबाचा काळ, गेले तिथे फुईचा. खायचो आणि खाल्लं, यायचो आणि आलो, हा फरक तुला कोणी शिकवायची गरजच नाही. आणि त्याच्याही पुढे सब्जंक्टिव्ह नावाचं जे प्रकरण आहे, ज्याला सगळे घाबरतात, तिथे 'किएरो के बेंगास'च्या शेजारी लिही 'तू यावंस असं मला वाटतं'. येतोस नाही, यावंस. म्हणजे वेगळं रूप आपल्याकडेही लागतंच.

या 'यावंस'मधला शेवटचा स बघितलास का? आणि बेंगासमधला? 'आब्लास' म्हणजे तू बोलतोस, 'कोमेस' म्हणजे तू खातोस, 'बीबेस' म्हणजे तू राहतेस. 'तू'ला दोन्हीकडे स लागतो आणि हा योगायोग नाहीये, दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपियन कुळातल्या, एकीला तो स संस्कृतकडून आला, दुसरीला लॅटिनकडून. फक्त त्या फुईवाल्या भूतकाळात हा स जातो, तेवढं वेगळं पाठ कर. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी दादरच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते आणि इतका आनंद झाला की दोन गाड्या सोडल्या.

उच्चारातही तू पुढे आहेस. स्पॅनिश त हा आपला त आहे, ट नाही. 'तेंगो', टेंगो नाही. प आणि क मधेही इंग्लिशसारखी हवा सोडायची नाही, पानातला प, कानातला क. र जोरात घोळवायचा, 'पेरो' साध्या र ने म्हटलं तर 'पण' आणि दोन र वाला घोळवून म्हटलं तर कुत्रा. एच लिहितात पण बोलत नाहीत म्हणून नमस्काराचा शब्द 'ओला', पावसात भिजलेला ओला तोच. जे हे अक्षर मात्र घशातून येतं, उर्दूतल्या खबरमधल्या ख सारखा, आपल्या खटाऱ्यातला ख नाही. आणि एनवर जी छोटी लाट असते ती कधीही विसरू नकोस. 'तेंगो दिएसिनुएबे आन्योस' म्हणजे मी एकोणीस वर्षांची आहे, लाट गेली की वर्षांच्या जागी शरीराचा भलताच भाग येतो आणि पेपर तपासणारे ते बरोबर बघतात.

पण मराठी सगळीकडे चालत नाही हेही सांगते. आपण म्हणतो मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, क्रियापद आंब्यापोळीप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमधे तसं अजिबात नाही, काहीही खाल्लं तरी 'कोमी'च, कारण खाणारी मी आहे. आपल्याकडे लिंगं तीन, तिथे नामाला दोनच, बहुतेक ओ वाले पुल्लिंगी आणि आ वाले स्त्रीलिंगी, पण 'मानो' म्हणजे हात हा स्त्रीलिंगी आणि 'प्रोब्लेमा', 'मापा', 'दिया' हे पुल्लिंगी. म्हणून शब्द पाठ करताना आधी पुल्लिंगी 'एल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' लावूनच पाठ कर, नुसता नको.

तर वही अशी कर, डाव्या बाजूला स्पॅनिश, उजवीकडे मराठी, आणि जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे लाल पेन. देवनागरीत उच्चार लिहायचे तर पहिला महिनाभर लिही, नंतर बंद कर, नाहीतर स्पेलिंग कधीच बसत नाही.

प्रश्न : ताई, मी एम.ए. करतोय, सोबत स्पॅनिशचा सर्टिफिकेट कोर्स. 'सेर' आणि 'एस्तार' दोन्ही म्हणजे 'असणे' मग कुठे काय वापरायचं? आम्हाला सांगितलंय कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. मी तसंच करतो तरी चुकतं. रोजचे तीन तास लोकलमधे जातात, वेगळा वेळ मिळत नाही.

उत्तर : तो नियमच मला पटत नाही, आणि तुझं चुकतंय ते त्या नियमामुळे चुकतंय. मुंबई कुठे पळून जात नाही, तरी 'मुंबई एस्ता एन ला इंदिया', तिथे एस्तार. माणूस मेला तो कायमचाच मेला, तरी 'एस्ता मुएर्तो'. उलट तरुणपण कायम टिकत नाही तरी 'एस खोबेन' म्हणतात. त्यापेक्षा असं धर की कोण आहे, कुठला आहे, काय करतो, स्वभावाने कसा आहे, किती वाजले, हे सगळं सेर. कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे ते एस्तार. एकच गाठ राहते, कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेर येतं, 'ला फिएस्ता एस एन मी कासा', पार्टी माझ्या घरी आहे.

जोड्या पाठ कर, त्या डोक्यात राहतात. 'एस्तोय आबुर्रिदो' म्हणजे मला कंटाळा आलाय, 'सोय आबुर्रिदो' म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. 'एस्तोय लिस्तो' मी तयार आहे, 'सोय लिस्तो' मी हुशार आहे. तोंडी परीक्षेत हे बदललं तर किती फरक पडेल बघ.

गाडीत बसायला मिळो न मिळो, कानात ऐकणं चालू ठेव, पण तेच तेच दोन मिनिटांचं ऐक, रोज नवीन नको. आणि पुटपुट. ओठ हलले पाहिजेत. शब्दांसाठी एक गंमत सांगते, पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी आणि इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगीज राजकन्या यांच्या १६६१च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण जाण्याआधी इथे पोर्तुगीज होते, त्यामुळे आपल्या तोंडात त्यांचे शब्द आहेतच. आपला पगार आणि स्पॅनिश 'पागार' म्हणजे पैसे देणे. पाव आणि 'पान', साबण आणि 'खाबोन', चावी आणि 'यावे'. असे पंधरावीस शब्द स्वतः शोध, फुकट मिळाल्यासारखे आहेत.

प्रश्न : माझी मुलगी कॉलेजसोबत स्पॅनिश शिकते. आम्ही गिरगावात राहतो, घरात कोणालाच ही भाषा येत नाही. डेले नावाची परीक्षा आहे म्हणते, ती द्यावी का? आणि आम्ही काय मदत करणार?

उत्तर : काका, द्यायला हरकत नाही. ही परीक्षा स्पेनची इन्स्तितुतो सेर्वान्तेस संस्था घेते, दिल्लीत त्यांचं केंद्र आहे. ए१ पासून सी२ पर्यंत सहा पायऱ्या, आणि सर्टिफिकेटला मुदत नसते. सिएले नावाची दुसरी ऑनलाइन परीक्षा आहे तिचं सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. नुसत्या ए१ वर नोकरी मिळेल असं मात्र समजू नका, कामाला यायचं तर निदान बी२ पर्यंत जावं लागतं, त्याला काही वर्षं लागतात, घाई करू नका.

ए१ मधे एक गोष्ट मुलांच्या लक्षात येत नाही. वाचन-लेखनाचे ५० आणि ऐकणं-बोलण्याचे ५०, दोन्हीकडे वेगवेगळे ३० लागतात. लिहिण्यात ४८ आणि बोलण्यात २८ पडले तर एकूण ७६ होऊनही नापास. आणि आपली मुलं लिहिण्यातच रमतात, बोलायला लाजतात.

तिथे तुम्ही आहात. रात्री जेवताना तिला दिवसभरात काय काय झालं ते पाच वाक्यांत स्पॅनिशमधे सांगायला लावा. तुम्हाला एक शब्द कळला नाही तरी चालेल, मधे अडखळली तर 'मराठीत सांग' म्हणू नका, आमटी वाढून घ्या आणि वाक्य पूर्ण होईपर्यंत तिच्याकडे बघत थांबा.