टोकदार नाकाचा टँक नक्की कुणाचा?

प्रश्न : सीरिया बॉर्डरवरच्या तुर्की टँकचे फोटो बघितले. टरेट, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, पुढून एकदम पाचरीसारखं टोकदार. एक मित्र म्हणतो जर्मन लेपर्ड, दुसरा म्हणतो इस्रायली मर्कावाची कॉपी, आणि खाली कॅप्शनमध्ये चक्क एम-60 लिहिलंय. नगरच्या टँक म्युझियममध्ये 1965 ला पकडलेला पॅटन मी बघितलाय, त्याचं टरेट तर गोल गरगरीत आहे. मग हा त्याच खानदानातला कसा काय?

उत्तर : कॅप्शन बरोबर आहे, आणि मर्कावावाला मित्रही अगदीच चुकलेला नाही. हा एम-60टी, म्हणजे इस्रायलच्या आयएमआय कंपनीचं 'साब्रा' पॅकेज चढवलेला अमेरिकन एम-60ए1. तुर्कस्तानने 2002 मध्ये असे 170 टँक अपग्रेड करायचा करार केला, साधारण 69 कोटी डॉलरचा, म्हणजे काय स्वस्तातलं काम नव्हतं.

आता ओळखायचं कसं. टरेटकडे बघूच नका आधी, चाकं मोजा. लेपर्ड 2 ला एका बाजूला सात मोठी चाकं असतात, याला सहा, त्यामुळे लेपर्डवाल्या मित्राचा निकाल इथेच लागला. (शिवाय तुर्कांकडचे लेपर्ड 2ए4 आहेत, त्यांचं टरेट पुढून सरळ भिंतीसारखं, ती पाचर 1995 च्या ए5 पासून आली.) सहा चाकं मर्कावालाही असतात, पण त्याचं इंजिन पुढे, त्यामुळे टरेट बरंच मागे सरकलेलं दिसतं आणि टरेटच्या मागच्या बाजूला गोळे लावलेल्या साखळ्या लोंबत असतात. फोटोत तसं काही नाही ना? मग झालं, एम-60. पॅटनशी नातं म्हणाल तर एम-47, एम-48 आणि मग हा, वंश तोच, फक्त पॅटन हे नाव याला ऑफिशियली कधी दिलंच नाही.

टरेट मात्र खरंच मजेशीर आहे. आत अजून तेच जुनं अमेरिकन ओतीव पोलादाचं टरेट बसलंय, खालची रिंगही तीच 85 इंचाची, जुन्या बिल्डिंगला बाहेरून नवं एलिव्हेशन ठोकावं तसं चिलखताचं जाड कवच बाहेरून लावलंय. त्या कवचाचा आकार आलाय इस्रायलच्या स्वतःच्या मागाख 7सी वरून, तोही एम-60च, आणि साब्रा त्याच्यावरूनच केला. फरक तोफेत. मागाखवर 105 मिमीची जुनी तोफ राहिली, साब्रावर 120 मिमीची स्मूथबोअर (आतून गुळगुळीत नळीची) तोफ आली जी मर्कावा 3 च्या तोफेची भावंड, म्हणून म्हटलं मित्र अगदीच चुकलेला नाही.

वरती कमांडरचा कपोला बघा, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा झाकणवाला घुमट. मूळ एम-60 वर मशीनगनवाला उंचच उंच कपोला होता, म्हणजे टरेटवर अजून एक छोटं टरेट. इस्रायलींनी तो काढून बसका कपोला लावला. फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे टरेट फिरवायची सिस्टिम. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात गोळा आत शिरला की हायड्रॉलिक तेल पेटून क्रू भाजायचा, म्हणून साब्रामध्ये ते काम इलेक्ट्रिकवर नेलं. माझ्या मते अख्ख्या अपग्रेडमधलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही, सगळे पाचरीवरच खूश.

आणि फोटो अलीकडचा असेल तर वर अजून एक थर दिसेल, असेलसान या तुर्की कंपनीचे कॅमेरे, रिमोटवर चालणारी मशीनगन आणि कडेने पुलात सिस्टिमचे (येणारं क्षेपणास्त्र टँकजवळच उडवणारी) मॉड्यूल, ज्यांचं मूळ युक्रेनच्या झास्लोन सिस्टिममध्ये आहे. म्हणजे एका टरेटवर चार देश!

प्रश्न : आपल्याकडे असं काही झालंय का?

उत्तर : थोडं उलटं झालंय. चेन्नईजवळच्या आवडीच्या सीव्हीआरडीईने (डीआरडीओची टँक बनवणारी प्रयोगशाळा) रशियन टी-72 च्या खालच्या धडावर आपल्या अर्जुन टँकचं टरेट बसवून टँक-ईएक्स बनवला होता, आर्मीने घेतला नाही. त्याचा फोटो दिसला तर हीच ट्रिक वापरा, अर्जुनला सात चाकं, टी-72 ला सहा, म्हणजे वर अर्जुन आणि खाली सहा चाकं दिसली की समजा तोच तो.