संक्रांतीच्या वाणासाठी घरी खाऊ करायचा आहे. सगळी कामे करणारे स्वयंपाकयंत्र घ्यावे का?

आपण विचारले आहे की, हळदीकुंकवाला चाळीस जणींना प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी घरी केलेला पदार्थ द्यायचा असेल, तर वजन करणारे, चिरणारे, वाटणारे, ढवळणारे आणि शिजवणारे असे एकच यंत्र घेणे योग्य ठरेल का, आणि त्यात केलेल्या पदार्थाला घरचा म्हणता येईल का. पहिल्या भागाचे उत्तर पुढे जमेल तसे देते. दुसऱ्या भागावर मात्र मला बोलायचेच आहे, कारण त्यावरून इंदूरमधल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात माझा उद्धार होऊन गेलेला आहे.

आमच्याकडे हे यंत्र मुलाने आणले. किंमत त्याने सांगितली नव्हती. खोक्यात राहिलेल्या पावतीवर ती मला सापडली, आणि सव्वा लाखाचा आकडा वाचल्यावर त्या यंत्राला नुसती कणीक मळायला लावणे मला पाप वाटू लागले. म्हणून त्या संक्रांतीला बेचाळीस जणींना प्रत्येकी दोनशे ग्रॅम मोरावळ्याची काचेची बरणी वाण म्हणून देण्याचा बेत मी केला. चोइथराम मंडीतून पाच किलो आवळे आणले. यंत्राचे भांडे जेमतेम सव्वादोन लिटरचे असल्यामुळे एका वेळी किलोभर आवळे आणि तेवढीच साखर, असे पाच घाणे काढावे लागले. वरच्या जाळीत वाफवलेला आवळा अंगठ्याने दाबला की त्याच्या सहा पाकळ्या सुटतात आणि बी आपोआप बाहेर येते. हे काम हातानेच करावे लागते आणि ते करताना बोटे काळपट होतात. पुढचे सगळे यंत्राने केले. पडद्यावर आलेल्या कृतीप्रमाणे मी १०५ अंशांवर खूण ठेवली, पाते उलटे फिरवण्याचे बटण दाबले, म्हणजे फोडी चिरल्या न जाता नुसत्या ढवळल्या जातात, आणि बाहेर जाऊन वर्तमानपत्र वाचत बसले. पाचही घाणे मधाच्या एकाच रंगाचे उतरले. कढईतल्या माझ्या मोरावळ्याचे दोन घाणे उभ्या आयुष्यात कधी एका रंगाचे झालेले नाहीत.

हळदीकुंकू झाले, बरण्यांचे कौतुकही झाले, आणि चौथ्या दिवशी थोरल्या नणंदबाईंचा, म्हणजे आमच्या वन्संचा, फोन आला. त्यांनी शांतपणे विचारले, ‘मोरावळ्यात खडीसाखर घातली होतीस का गं?’ मी घरातली बरणी उजेडात धरून पाहिली, तर तळाशी बोटभर पांढरे खडे जमले होते आणि फोडींवरही साखरेची बुरशीसारखी साय धरली होती. एवढ्यावर भागले असते तर मी आज लिहायला बसले नसते. पुढच्या आठवड्यात रामबागेतल्या एका हळदीकुंकवाला पंधरा-वीस बायकांसमोर वन्सं म्हणाल्या, ‘तिचा मोरावळा यंत्राचा आहे, हाताचा नाही. यंत्राला मंद आच काय कळणार?’ सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि घरी येऊन रात्री साडेदहा वाजता त्याच यंत्रात नुसते पाणी उकळत ठेवले.

पाणी खळखळा उकळत होते आणि पडद्यावरचा आकडा ९८ च्या पुढे सरकत नव्हता. मी स्वयंपाकघरातला दुसरा तापमापक बुडवून पाहिला. तोही तेच सांगत होता. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, आणि दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो, हे शाळेत घोकलेले आपण सगळेच स्वयंपाकघरात शिरताना विसरतो. मुरंब्याचा पाक १०५ अंशांना झाला असे जे लिहिलेले असते ते मुंबईसारख्या समुद्रकाठच्या गावाला लागू आहे. आपल्याकडे तोच पाक १०३ ला तयार असतो; तेव्हा त्यात साखर ६५ ते ६८ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तो टिकतोही आणि खडेही धरत नाही. मी यंत्राला १०५ पर्यंत जाऊ दिले, म्हणजे हवे होते त्याहून कितीतरी जास्त पाणी उडवले, आणि वर जानेवारीतल्या थंडीत बरण्या ओट्यावर ठेवल्या. साखरेने दुसरे काय करायचे होते? आमच्या यंत्रात तापमान पाच-पाच अंशांनीच बदलते, १०३ ची खूणच नाही. तेव्हा शेवटची दहा मिनिटे यंत्राजवळ उभे राहून पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून एक तार येते का ते पाहावेच लागते.

आता वन्संच्या मंद आचेविषयी. त्या दीड-दोन तास कढईशी उभ्या राहतात आणि त्यांच्या मोरावळ्याला कधी खडे धरत नाहीत, हे मी मान्य करते. त्याचे कारण मात्र त्या समजतात ते नाही. आवळा आंबट असतो. त्या आंबटपणात साखर बराच वेळ शिजत राहिली की तिचा काही भाग फुटून वेगळ्या दोन साखरा तयार होतात, आणि त्या उरलेल्या साखरेला खडा धरू देत नाहीत. यंत्राने पस्तीस मिनिटांत काम उरकले, म्हणून साखर तशी पुरेशी फुटली नाही. किलोभर साखरेला एका लिंबाचा रस सुरुवातीलाच घातला आणि आच थोडी उतरवून वेळ वाढवला, की यंत्रातही तेच साधते. पुढच्या हिवाळ्यात मी तसे केले, आणि त्या बरण्या एप्रिलपर्यंत स्वच्छ राहिल्या. वन्संना त्यातली एक पाठवली होती. त्यावर त्यांचे मत अद्याप आलेले नाही.

आणि यंत्राचे म्हणजे घरचे नाही, हा नियम नेमका कोणत्या यंत्रापासून सुरू होतो, हे मला कोणी समजावून सांगावे. १९८८ मध्ये घरात मिक्सर आला, तेव्हा सासूबाईंनी त्यातल्या चटणीला नाक मुरडले होते, आणि पाट्यावर वाटून वाटून कोणाचे खांदे भरून येतात असे त्यांना ऐकवणाऱ्या दुसऱ्या कोणी नसून वन्संच होत्या. त्यांच्या घरी पुरण पुरणयंत्रातून निघते, चकली सोऱ्यातून पडते, श्रीखंडाचा चक्का विजेच्या रवीने घोटला जातो, आणि ते सगळे हातचे असते. माझ्या मोरावळ्यात आवळे मी निवडले, बिया मी काढल्या, पाक मी चुकवला आणि दुरुस्तही मीच केला. वाण घेणाऱ्या बाईला बरणी उकळून कोरडी केली होती का, एवढे विचारण्याचा अधिकार आहे. पळी कोणाच्या हातात होती हे विचारण्याचा नाही.

आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. या जातीच्या यंत्रांचे मूळ जर्मनीत आहे. फोरवेर्क कंपनीचे पहिले थर्मोमिक्स १९७१ मधले, आणि युरोपातली दाट सूपे व सॉस हा अशा यंत्रांचा हातखंडा. त्यामुळे ओले, दाट आणि सतत ढवळावे लागणारे जे जे आहे, म्हणजे मोरावळा, साखरांबा, गुळांबा, टोमॅटोची गोड चटणी, ते त्यात उत्तम होते. सुके भाजणे त्यात होत नाही. आमचे यंत्र १२० अंशांपर्यंत जाते. तेवढ्यात तीळ आणि दाणे नुसते गरम होतात, तडतडत नाहीत, आणि बेसनाचा कच्चा वास तर अजिबात जात नाही. तीळ कढईत भाजा, पूर्ण गार करा, आणि मगच यंत्रात दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी फिरवा. सलग फिरवलेत तर तेल सुटून गोळा होईल आणि तिळाची चटणी म्हणून आपण चिखल वाटत बसाल. जवस आणि कारळे यांनाही हेच लागू आहे. संक्रांतीचे वाण म्हणून मला विचाराल तर तिळाची सुकी चटणी मोरावळ्याहून सोपी पडते, महिनाभर सहज टिकते आणि गोड न खाणाऱ्यांनाही चालते. हे माझ्या त्या वर्षी लक्षात आले नाही, कारण तेव्हा मला पावतीवरचा आकडा वसूल करायचा होता.

केवळ वाणासाठी हे यंत्र घेऊ नये, हे खरे तर मी आधीच सांगायला हवे होते. चाळीस बरण्यांसाठी एका मोठ्या कढईत दोन घाणे पुरतात आणि यंत्रात पाच लागतात. शिवाय दोन घाण्यांच्या मध्ये भांडे धुऊन पुसण्यात जो वेळ जातो तो कोणत्याही जाहिरातीत दाखवत नाहीत. घरात ते आधीपासून असेल, किंवा खांदे-मनगटे दुखत असल्यामुळे तासभर पळी फिरवणे शक्य नसेल, तर अवश्य वापरावे. मोरावळा भरून झाल्यावर दोन दिवसांनी एक बरणी उघडून पाहावी. फोडींचे पाणी सुटून पाक सैल झाला असेल, तर वाटण्यापूर्वी तो पुन्हा एकदा आटवून घ्यावा. खडे धरलेल्या बरण्याही वाया जात नाहीत: दोन चमचे पाणी आणि थोडा लिंबाचा रस घालून गरम पाण्यात ठेवल्या की साखर विरघळते, मात्र त्या नंतर घरीच संपवाव्यात, कोणाला देऊ नयेत. आणि लसणाची चटणी त्याच भांड्यात करायची असेल तर ती सर्वांत शेवटी करावी, कारण झाकणाची सिलिकॉनची कडी लसणाचा वास धरून ठेवते आणि साबणाने दोनदा धुतली तरी तो पुढच्या साखरांब्यात उतरतो.