सतत जिंकणाऱ्या ड्रायव्हरला क्लासबाहेर काढणं योग्य आहे का?

तुम्ही लिहिलंय ते मला समजलं ते असं: तुमचा धाकटा भाऊ अमेरिकेत पाव मैलाच्या मातीच्या ओव्हलवर, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर, स्ट्रीट स्टॉक ही रेसिंगची गाडी चालवतो. तिथे एकाच ड्रायव्हरने या सीझनच्या बहुतेक फीचर, म्हणजे रात्रीच्या मुख्य शर्यती, जिंकल्या, आणि सीझन अर्ध्यावर असताना प्रमोटरने, म्हणजे ट्रॅक चालवणाऱ्याने, त्याला सांगून टाकलं की यापुढे या क्लासमध्ये (गाड्यांच्या या गटात) तुझी एंट्री घेणार नाही, मॉडिफाइडमध्ये जा. भावाचा त्यात फायदाच आहे, तरी तुम्हा दोघांना ते पटत नाहीये. शिवाय मोठ्या बक्षिसाच्या रात्री शेजारच्या ट्रॅकवरचे लेट मॉडेलवाले (वरच्या क्लासच्या गाड्या चालवणारे) येऊन पैसे घेऊन जातात, त्यांना रोखता येईल का, हा तुमचा दुसरा प्रश्न.

मी अशा ट्रॅकवर बरीच वर्षं टेकमध्ये, म्हणजे गाड्यांच्या तपासणीत, काम केलंय. माझं स्पष्ट मत आहे की सीझन चालू असताना, नियमपुस्तकात तशी ओळ नसताना, केवळ जिंकतो म्हणून कोणाची एंट्री नाकारणं हा अन्याय आहे. ट्रॅक खाजगी मालकीचा असतो आणि 'प्रमोटरचा निर्णय अंतिम' ही ओळ जवळपास प्रत्येक नियमपुस्तकात असते, त्यामुळे त्याला तसं करता येतं हे खरं. पण 'मॉडिफाइडमध्ये जा' याचा अर्थ काय होतो ते बघा. स्ट्रीट स्टॉक ही मूळ कारखान्याच्या चॅसीवर उभी केलेली गाडी. मॉडिफाइडची चाकं उघडी, बॉडी वेगळी, सस्पेन्शन वेगळं. जुन्या गाडीतलं त्या क्लासमध्ये फारसं काही चालत नाही. म्हणजे त्या माणसाला नवी गाडी घ्या किंवा घरी बसा, एवढंच सांगितलं गेलंय.

तरी प्रमोटरची भीतीही खोटी नाही. छोट्या ट्रॅकचं गणित प्रेक्षकांच्या तिकिटाइतकंच पिटच्या, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेच्या, गेटवर चालतं. एका गाडीमागे चार-पाच माणसं पिट पास काढून आत येतात. दर शनिवारी तोच जिंकायला लागला की आधी मधल्या फळीतल्या गाड्या यायच्या थांबतात, पाचव्या ते दहाव्या नंबरवर येणाऱ्या. ते भांडत नाहीत, काही बोलत नाहीत, गाडी विकायला काढतात. दहा गाड्यांचा क्लास मग सहावर येतो आणि पुढच्या वर्षी बंद होतो. मी असे क्लास बंद पडताना पाहिलेत, म्हणून 'जिंकतोय तर जिंकू दे' हेही मला पुरेसं उत्तर वाटत नाही.

खरा प्रश्न हा की तो जिंकतोय कशामुळे. गाडी बेकायदा असेल, खर्च जास्त करत असेल, किंवा माणूस खरोखरच चांगला चालवत असेल. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, आणि प्रमोटर मंडळी नेमकी इथेच गल्लत करतात.

गाडी बेकायदा असल्याचा संशय असेल तर ती उघडून बघा, आणि सगळ्यांसमोर बघा. फीचर संपली की पहिल्या काही गाड्या थेट वजनकाट्यावर यायला हव्यात, मधे पिटमध्ये थांबायचं नाही. बऱ्याच ट्रॅकवर या क्लासला होली ४४१२ हा ५०० सीएफएमचा (मिनिटाला ५०० घनफूट हवेचा) दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि इंधन मिसळणारा भाग, सक्तीचा असतो. त्याच्या व्हेंचुरीचं, म्हणजे हवा जाते त्या अरुंद भोकाचं, माप १.३७५ इंच. एअर क्लीनर काढायचा आणि गो–नो-गो गेज वरून सोडायचा. गेज अडकला तर ठीक. सरळ खाली गेला तर कोणीतरी आतून घासून भोक मोठं केलंय, त्यावर चर्चेला जागाच नाही. कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचा आहे की नाही हे इंजिन न उघडता बघायचं तर व्हॅक्यूम गेज लावतात. ठरलेल्या आरपीएमवर सुई ठरलेल्या आकड्यापर्यंत चढायला हवी. आत रेसिंगचा कॅम असेल तर ती खालीच थरथरत राहते, आणि भोवती उभ्या असलेल्या चार ड्रायव्हरांना ती दिसते. माझ्या मते या दोन तपासण्या प्रेक्षक घरी जायच्या आत पूर्ण करून निकाल माइकवर जाहीर केला तर पिटमधली निम्मी कुजबुज तिथेच संपते.

टायरचं प्रकरण अवघड आहे. रबर मऊ करायला टायर रसायनात भिजवतात. ड्युरोमीटर कडकपणा सांगतो, रसायन सांगत नाही. खात्री करायची तर टायरचा तुकडा कापून प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, त्याला पैसे आणि वेळ दोन्ही लागतात. दर आठवड्याला ते जमणार नाही. पण सीझनमध्ये अधूनमधून, आधी न सांगता, नमुने घेतले आणि निकाल येईपर्यंत बक्षीस राखून ठेवलं, तर धाक राहतो. जी गोष्ट तपासायची तुमची तयारीच नाही, ती नियमात लिहूच नये. अशा नियमाने फक्त प्रामाणिक माणूस बांधला जातो.

दुसरं कारण पैसा. यावर अमेरिकेतल्या छोट्या ट्रॅकनी बरंच काही करून पाहिलंय. जनरल मोटर्सची क्रेट इंजिनं, म्हणजे कारखान्यातून तयार आणि सीलबंद येणारी इंजिनं, हा त्यातला सर्वांत पसरलेला उपाय: ६०२ सुमारे ३५० हॉर्सपॉवरचं, ६०४ सुमारे ४०० चं. इनटेक, हेड, ऑइल पॅन अशा ठिकाणी खास बोल्टची सीलं असतात, ती फोडल्याशिवाय आत हात घालता येत नाही. अर्थात नकली सीलं बनवणारेही निघाले, तेव्हा टेकमध्ये बसणाऱ्याला सील नीट ओळखता आलं पाहिजे.

त्याआधीपासूनचा उपाय म्हणजे क्लेम. आयएमसीए ही अमेरिकेतली शर्यतींची संस्था १९१५ पासूनची. तिने १९७९ मध्ये आयोवात मॉडिफाइड क्लास सुरू केला तोच कमी खर्चाची गाडी म्हणून, आणि त्याच्या पायाशी हा नियम होता: वर आलेल्या गाडीचं इंजिन नियमात बसणारा दुसरा ड्रायव्हर ठरलेल्या कमी किमतीला मागू शकतो. द्यायला नकार दिला तर त्या रात्रीचं बक्षीस गेलंच, वर निलंबन. ज्या इंजिनवर अफाट खर्च केलाय ते कवडीमोलाने जाणार असेल तर तेवढा खर्च कोण करेल, हा त्यामागचा विचार. मला हा नियम मनापासून आवडतो, पण त्याला एक वाईट बाजू आहे. पिटमध्ये भांडण झालं की लोक सूड म्हणून क्लेम करतात. म्हणून एका ड्रायव्हरला सीझनमध्ये किती क्लेम करता येतील याला मर्यादा हवी.

आता राहिला खरोखर चांगला चालवणारा माणूस. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडचा ड्रायव्हर याच गटातला वाटतो, कारण तुम्हीच लिहिलंय की तो दोनदा तपासणीतून सुटलाय. अशा माणसाला बाहेर काढायचं कारणच नाही, त्याला मागून सोडा.

ब्रिटनमधल्या ब्रिस्का एफ-१ या स्टॉक कार शर्यतींमध्ये ही पद्धत फार नीट बसवलेली आहे. तिथे ड्रायव्हरच्या अलीकडच्या निकालांवरून त्याची ग्रेड ठरते आणि ती गाडीच्या छतावर रंगवलेली असते. पांढरं छत सर्वांत खालची ग्रेड, मग पिवळं, निळं, लाल, आणि त्याहून वरचे स्टार ड्रायव्हर लाल छतावर लुकलुकणारे दिवे लावून सगळ्यांच्या मागून सुटतात. जगज्जेत्याचं छत सोनेरी. पांढरे पुढून, लाल मागून. ग्रेड वेळोवेळी नव्याने काढतात, त्यामुळे जिंकत राहिलात तर आपोआप मागे जाता. कोणाचीही एंट्री कोणी नाकारत नाही, आणि स्टँडमध्ये पहिल्यांदा आलेल्या माणसालाही छत बघून कळतं की कोण कोणाला गाठायला निघालंय.

अमेरिकेत याचं हलकं रूप म्हणजे इन्व्हर्जन: हीटमधून, म्हणजे फीचरआधीच्या छोट्या पात्रता शर्यतींतून, वर आलेल्या सहा-आठ गाड्या फीचरला उलट्या क्रमाने लावायच्या. त्यात काही जण हीटमध्ये मुद्दाम हळू चालवून पुढची जागा मिळवतात. त्यावर सोपा तोडगा आहे. इन्व्हर्जनचा फायदा फक्त हीटमध्ये वर आलेल्यांना द्या, आणि किती गाड्या उलटवायच्या हे हीट संपल्यावर चिठ्ठी काढून ठरवा. आधीच आकडा माहीत नसेल तर हिशेब करून हळू चालवता येत नाही.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे: पाव मैलाच्या ट्रॅकवर सर्वांत वेगवान गाडी मागून आली की नवशिक्यांच्या गर्दीत धडका होतात. हे खरं आहे. म्हणून व्यक्तीवरची एक बंदी मला मान्य आहे, ती अगदी शिकाऊ क्लासपुरती. चार सिलिंडरच्या, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या क्लासमध्ये लेट मॉडेल चालवणाऱ्याने उतरू नये. पण तिथेही व्याख्या लेखी हवी: गेल्या अमुक वर्षांत अमुक क्लासमध्ये अमुक इतक्या फीचर चालवलेला ड्रायव्हर अपात्र. 'फारच अनुभवी आहे' असं प्रमोटरला वाटणं ही व्याख्या होत नाही.

वरच्या पातळीवर नॅस्कारला, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या मोठ्या संघटनेला, हाच प्रश्न आला होता. दुसऱ्या क्रमांकाच्या मालिकेत, म्हणजे पूर्वीची बुश, मग नेशनवाइड आणि नंतरची एक्सफिनिटी, २००६ ते २०१० अशी सलग पाच अजिंक्यपदं कप या सर्वांत वरच्या मालिकेत पूर्णवेळ चालवणाऱ्यांनीच नेली. २०११ पासून नियम झाला की ड्रायव्हरने सीझनआधी एकच मालिका निवडायची आणि अजिंक्यपदाचे गुण त्याच मालिकेत मिळवायचे. त्याच वर्षी रिकी स्टेनहाऊस ज्युनियर जिंकला, जो खरंच त्या मालिकेतला होता. २०१७ पासून पाच वर्षांहून जास्त अनुभव असलेल्या कप ड्रायव्हरांना तिथे किती शर्यती चालवता येतील याचीच मर्यादा आली. कप ड्रायव्हर काइल बुशच्या नावावर त्या मालिकेत शंभराहून जास्त विजय आहेत, म्हणजे हा नियम कोणाला बोचणार हे सगळ्यांना माहीत होतं. तरीही नियम वर्षांच्या अनुभवावर लिहिला गेला, एका माणसावर नाही, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी जाहीर झाला. तुमच्या प्रमोटरला उदाहरण द्यायचं तर हे द्या.

बाहेरून येणाऱ्यांबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. मोठ्या बक्षिसाची रात्र खुलीच असावी. काइल लार्सन २०२१ मध्ये कप अजिंक्य होता आणि त्याच वर्षी त्याने आयोवातल्या नॉक्सव्हिलची नॅशनल्स ही स्प्रिंट कारची मोठी शर्यत जिंकली. असा माणूस मातीच्या ट्रॅकवर आला की स्टँड भरतो आणि त्याचा फायदा तिथल्या सगळ्यांना होतो. पण ते ४१० स्प्रिंट कारसारख्या सर्वांत वरच्या क्लासमध्ये. स्ट्रीट स्टॉकमध्ये लेट मॉडेलवाला उतरत असेल तर वर सांगितलेली अनुभवाची व्याख्या सैल करून इथेही लावता येईल, उदाहरणार्थ त्याच सीझनमध्ये वरच्या क्लासच्या ठराविक फीचर चालवलेल्यांना बंदी. 'फक्त आमच्या गावचे' असा नियम मात्र करू नये. शेजारचा ट्रॅकही तसाच नियम करेल आणि तुमच्या भावाला तिकडची दारं बंद होतील.

नेहमी येणाऱ्यांना बक्षीस द्यायच्या जागा वेगळ्या आहेत. सीझनअखेरचा पॉइंट फंड, म्हणजे गुणांनुसार वाटायची रक्कम, मोठा ठेवा. गुणतालिकेत वर असलेल्या दोघा-तिघांची हीटमध्ये गाडी बिघडली तर त्यांना फीचरमध्ये मागची राखीव जागा द्या. आणि पहिल्या नंबरची रक्कम थोडी कमी करून ती पाचव्यापासून खाली वाटा. मधली फळी टिकवायला याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. जो दर आठवड्याला आठवा येतो त्याचा टायरचा खर्च थोडा जरी निघाला तरी तो पुढच्या शनिवारी येतो.

आता भावाने काय करावं. एकट्याने प्रमोटरकडे जाऊ नये, क्लासमधल्या आणखी तीन-चार ड्रायव्हरांना घेऊन जावं, आणि शर्यतीच्या रात्री तर मुळीच नाही, कारण तेव्हा त्याला कोणाचं ऐकायला वेळ नसतो. मागणी नेमकी ठेवा: त्या ड्रायव्हरला हा सीझन पूर्ण करू द्यावा, सलग दोन फीचर जिंकल्यावर त्याने शेवटून सुटावं, आणि पुढच्या वर्षीची पात्रता हिवाळ्यातल्या ड्रायव्हरांच्या बैठकीत लेखी यावी. प्रमोटर ऐकतच नसेल तर निदान त्या माणसाचे आतापर्यंतचे गुण आणि पॉइंट फंडातला वाटा कायम राहील एवढं कागदावर घ्या. हे मागणं तुमच्या भावाच्या तोंडून गेलं तर त्याला वजन येईल, कारण बंदी टिकली तर पुढच्या फीचर जिंकण्याची सर्वांत जास्त शक्यता त्याचीच आहे, आणि हे प्रमोटरलाही माहीत आहे.